एक वाटी वरी

मैनामावशींच्या खाणावळीत पोळ्या मोजून मिळत, भात मात्र नको म्हणेपर्यंत. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता. नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याच्या गोंगाटापासून दोन वळणं आत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागच्या खोलीत ओटा, दोन शेगड्या आणि भाताचं मोठं पातेलं. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, वसतिगृहातल्या आम्ही काही मुली आणि एकटे राहणारे दोन-तीन निवृत्त गृहस्थ तिथे जेवायचो. साडेबाराला पातेल्यावरचं झाकण निघालं की वाफ पुढच्या खोलीपर्यंत यायची आणि हातातली पुस्तकं आपोआप मिटायची.

"मावशी, थोडाच वाढा," असं कुणी म्हणालं, तर मावशी डाव तसाच हवेत धरून विचारत, "थोडा म्हणजे किती? शितं मोजून देऊ?"

त्या स्वतः ताट घेऊन बसल्यात असं मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. दुपारी तीनला शेवटचा माणूस उठला की पातेल्याच्या तळाशी उरलेला भात त्या ताकात कालवत आणि ओट्याशी उभ्यानेच खात. संध्याकाळच्या पंगतीनंतर पुन्हा तेच. शिजलेला भात टाकायला त्यांचा हात धजत नव्हता, आणि उभ्याने खाल्लेल्याला जेवण म्हणतात असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. वीसेक वर्षं हे असंच चाललं.

त्यांचे यजमान, बजरंग, एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्र्याण्णव साली ते कावीळ होऊन गेले. मूलबाळ नव्हतं. छापखान्यातल्या दोघा सोबत्यांना मावशींनी डबा द्यायला सुरुवात केली, डबे वाढत गेले आणि खाणावळ झाली. शकू नावाची बाई पोळ्या लाटायला म्हणून आली, ती कायमची राहिली. मावशींच्या आयुष्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं. बाकीचं पुढे कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी, भाजी निवडताना.

दोन हजार सतराच्या जानेवारीत मावशींच्या भावाच्या, मच्छिंद्रच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता आणि त्याने तो कधी तपासलाच नव्हता. मच्छिंद्र मावशींपेक्षा चार वर्षांनी लहान, राहायला सूसला, त्यांच्या माहेरी. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला डायलिसिससाठी पुण्यात आणावं लागायचं. त्याची बायको आनंदी किडनी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. मुलं शाळेत होती. मावशींचा जुळला.

"मग कधी काढताय?" मावशींनी डॉक्टरांना विचारलं. जणू दाढच काढायची होती.

डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. त्र्याऐंशी किलो. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. "एक किडनी दिल्यावर दुसरीनेच तुम्हाला आयुष्यभर साथ द्यायची आहे," ते म्हणाले. "एका माणसाला बरं करायला दुसऱ्याला आजारी पाडायचं नसतं, मैनाबाई. वजन सत्तरच्या खाली आणा, साखर खाली आणा. मग बोलू."

मावशी तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. मच्छिंद्रला देण्यासारखं त्यांच्याकडे जे होतं, ते त्यांच्याच अंगाखाली अडकून पडलं होतं.

रुग्णालयातली आहारतज्ज्ञ परवीन सव्वीस वर्षांची होती. तिचं घर कसबा पेठेत, आणि वडील कादरभाई यांची तिथेच बेकरी. पहिल्याच दिवशी तिने मावशींना ते सांगून टाकलं. "माझ्या बापाचं घर पावावर चालतं, मावशी, आणि मी दिवसभर लोकांना पाव सोडा म्हणते. त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं."

मावशी हसल्या नाहीत. "भात सोडायचा म्हणजे किती?"

"सध्या सगळा. पण ताटातली त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. रिकामी ठेवली की माणूस चार दिवसांत परत तिथेच येतं. तिथे दुसरं काहीतरी बसवू."

परवीनने दोनशे पानी वही दिली. रोज जे खाल ते लिहायचं, आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. पहिल्याच पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ किंवा उसळ, उरलेल्या पाव ताटात भाताच्या बदली काही.

बदली काय, याचा शोध दोन महिने चालला. आधी फ्लॉवर किसून वाफवून झाला. "भात म्हणे," मावशी म्हणाल्या, "याला भात म्हणणाऱ्याने भात बघितलेला नाही," आणि तरी त्यांनी तो आमटीबरोबर पंधरा दिवस खाल्ला. मग ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून झाल्या, गव्हाचा दलिया झाला, राळे झाले. उरलेला भात शकू घरी नेऊ लागली. पहिले काही दिवस ती डबा भरत असताना मावशी पाठ फिरवून ओटा पुसत राहायच्या.

मग एका सकाळी मंडईतून भाजी घेऊन परतताना, एका धान्याच्या दुकानात, काचेच्या बरणीत त्यांना वरी दिसली. दुकानदार तिला भगर म्हणत होता. चिठ्ठीवरचा भाव आंबेमोहोरापेक्षा जास्त होता. मावशी बराच वेळ त्या बरणीसमोर उभ्या राहिल्या. दुकानदाराने विचारलं, "उपवासाला का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "जेवायला."

मावशींच्या लहानपणी सूस खेडं होतं. पाषाणच्या पुढे डांबर संपायचं आणि पावसाळ्यात बैलगाडीही रुतायची. मावशींच्या वडिलांची ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं होती आणि डोंगराच्या उतारावर वरी-नाचणीचा तुकडा. खाचरातला बराचसा भात पुण्यात विकायला जायचा. मागे राही तो सणाला, पाहुण्याला आणि मच्छिंद्रला. मच्छिंद्र जन्मापासून अशक्त होता. त्याच्या आधीचा एक मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला होता. त्यामुळे आई, सोजरबाई, त्याच्यासाठी चुलीच्या कडेला छोट्या पातेल्यात वेगळा भात लावायची. बाकी सगळ्यांना वरी.

मैना भावाच्या शेजारीच बसायची. त्याच्या ताटात मऊ पांढरा भात आणि तिच्या ताटात वरी. रंग जवळजवळ सारखाच, वास मात्र नाही. कुणी आलं-गेलं बघून विचारी, तेव्हा सोजरबाई सांगायची, "मैनीला वरीच आवडते. भात घशाखाली उतरत नाही तिच्या." हे इतक्या वेळा सांगितलं गेलं, की घरात ते खरं झालं. मैनानेही त्यावर काही म्हटलं नाही. आईच्या पातेल्यात काय आहे ते तिला दिसत होतं.

लग्न होऊन ती नारायण पेठेत आली तेव्हा बजरंगच्या घरी रेशनचा जाडा तांदूळ शिजायचा, पण रोज शिजायचा. रोज भात मिळतो म्हणजे आपण सुखात आहोत, अशी तिची साधी समजूत झाली. ती पुढे कधी बदलली नाही. म्हणूनच तिच्या खाणावळीत भाताला माप नव्हतं.

त्या दिवशी मावशींनी वरी भाजून शिजवली. शिजल्यावर कपाटातून एक वाटी काढली. लग्नात आईने दिलेली स्टीलची वाटी. तिच्या कडेला बारीक अक्षरं कोरली होती: चि. सौ. का. मैनास, आईकडून. त्या वाटीने त्यांनी वरी मोजून घेतली, टेबलाशी बसल्या आणि ताटात जेवल्या. शकू सांगते, तिने मावशींना बसून जेवताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परवीन म्हणाली, "वरीतही पिष्ट असतंच. वाटी एकच. वाटीचं टोपलं करायचं नाही."

"आमच्या आईने त्याची सोय लहानपणीच करून ठेवलीय," मावशी म्हणाल्या. "तिच्या हाताला एकाच वाटीची सवय होती."

सप्टेंबरात काटा एकोणसत्तरवर आला. साखर खाली आली. आठ महिन्यांत चौदा किलो. मावशींचे ब्लाउज शकूने आत घेतले, आणि निवृत्त गृहस्थांपैकी एकाने "मैनाबाई, तब्येत बरी आहे ना?" असं काळजीने विचारलं. शस्त्रक्रियेसाठी ऑक्टोबरची तारीख मिळाली.

तारखेच्या नऊ दिवस आधी मच्छिंद्रला ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. सहा दिवस काहीच सांगता येत नव्हतं. आनंदी बाहेरच्या बाकावर बसून असायची. मावशी दुपारची पंगत आटपून तिच्या शेजारी येऊन बसायच्या.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मावशी चालत ओंकारेश्वराला गेल्या. नदीला पाणी कमी होतं. पिंडीसमोर हात जोडून त्या म्हणाल्या, याला वाचव. याचं ऑपरेशन पार पडेपर्यंत मी दर सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरीन.

मच्छिंद्र वाचला. पण शस्त्रक्रिया चार महिने पुढे गेली. त्याच्या अंगात ताकद यायला हवी होती, आणि तोवर मावशींना आपलं वजन आहे तिथे धरून ठेवायचं होतं.

"उतरवणं सोपं असतं," परवीन त्यांना म्हणाली. "उतरवताना रोज काटा शाबासकी देतो. टिकवताना काटा गप्प असतो. आता खरं काम आहे, मावशी."

मावशींनी ते मनावर घेतलं. वही पानामागून पान भरत होती. सकाळी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी. दुपारी मटकीची उसळ, कोशिंबीर, वरी एक वाटी. संध्याकाळी मुगाचं धिरडं, दुधीची भाजी. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही. आणि मधूनमधून, महिन्यातून सातेक वेळा, एका शब्दाची ओळ: उपवास.

फेब्रुवारीत पुन्हा तपासण्या झाल्या. वजन त्र्याहत्तर. तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा उंबरठ्यावर.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "हे कसं झालं?"

डॉक्टर म्हणाले, "मच्छिंद्ररावांना फार थांबवणं मला धोक्याचं वाटतं. अडीच महिने देतो. तोवर आकडे खाली नाही आले, तर आपल्याला दुसरा दाता शोधावा लागेल." दुसरा दाता नव्हता, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

परवीनच्या टेबलाशी वही उघडली गेली. ती पानं उलटत राहिली. मग वर न बघता तिने विचारलं, "मावशी, वहीत नाही असं काही खाता का?"

"मी खोटं लिहिते म्हणतेस?"

"तसं नाही..."

"तसंच आहे." मावशींनी वही उचलली आणि पिशवीत टाकली. "भाऊ माझा आहे. तुझा नाही."

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या मच्छिंद्रजवळ बसल्या होत्या. यंत्रातून त्याचं रक्त फिरत होतं. चेहरा काळवंडला होता, मनगटं मुलासारखी बारीक झाली होती. आनंदीने डबा आणला होता. वरण, बिनमिठाची भाजी आणि भात. मावशींनी आपला डबा उघडला. आत वरी होती. मच्छिंद्रने मान वळवून पाहिलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला.

"आक्के, अजून वरीच खातीस व्हय?"

"खाते."

"तुला पयल्यापासनं आवडती. आय सांगायची न्हवं, मैनीला भात घशाखाली उतरत न्हाई." तो थांबला, दम घेतला. "मला लई नवल वाटायचं. येवढा भात सोडून ही वरी कशी खाती म्हणून."

मावशींनी डब्याला झाकण लावलं. "नवल कसलं त्यात," त्या म्हणाल्या. "तू पड. बोलू नकोस."

सोमवारी दुपारी परवीन खाणावळीत आली. भांडण मनात ठेवून राहता येत नाही असा तिचा स्वभाव होता, शिवाय मावशींचा फोन लागत नव्हता. मावशी मागे होत्या. शकूने तिला टेबलाशी बसवलं आणि समोर बशी ठेवली. बशीत साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं-कोथिंबीर, कडेला बटाट्याचा कीस.

"भाजी-पोळी नाही का?"

"आहे की. पण आज सोमवार. निम्म्या पोरांचा उपवास असतो, म्हणून खिचडीची परात भरते. मला वाटलं मावशींकडे आलात, म्हणजे फराळाचं चालेल." शकू पाणी ओतत म्हणाली. "मावशींचापण हाच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चार वाजता रताळं नाहीतर राजगिऱ्याचे लाडू. संध्याकाळी उरलेली खिचडी. आता भात माझ्या घरी जातो, पण उपवासाची खिचडी मला देत नाहीत त्या. म्हणतात, माझ्या उपवासाची आहे, मीच संपवते."

परवीनने उचललेला चमचा खाली ठेवला.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. परवीनने पिशवीतली वही मागितली. मावशींनी ती दिली. परवीनने ऑक्टोबरपासूनची पानं टेबलावर पसरली आणि 'उपवास' लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेली. बोट तीस वेळा थांबलं.

"मावशी, या दिवशी काय खायचात ते लिहिलं का नाही?"

"उपवासाला माणूस जेवत नाही ग. फराळ करतं. ते काय लिहायचं?" मावशी म्हणाल्या. बशीतल्या खिचडीकडे त्यांनी पहिल्यांदाच अन्न म्हणून पाहिलं.

"साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट," परवीन हळू आवाजात म्हणाली. "भातापेक्षा जास्त. त्यावर बटाटा, वर दाण्याचं कूट, तूप. महिन्यातले सात दिवस."

पुढच्या टेबलावरचा मुलगा ताट घेऊन गुपचूप उठला.

"चूक माझीपण आहे," परवीन म्हणाली. "मला खिचडी काय माहीत नाही का? मी पुण्यातच वाढले. दर वेळी ही ओळ दिसायची आणि मी पुढे जायची. रमजानमध्ये आमच्या घरी रोजा सोडताना भजी-सामोशांची ताटं भरतात, तेव्हा मी आईशी भांडते. ते माझं घर आहे. पण तुमचा नवस... तुमच्या देवाच्या गोष्टीत मी कशी बोलू, असं वाटलं. मी विचारायला हवं होतं."

मावशी बाकावर बसल्या. "त्याच्यासाठी धरला होता ग," त्या म्हणाल्या. "तो वाचावा म्हणून."



त्या संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्या ओंकारेश्वराला गेल्या. बोललेला नवस अर्ध्यावर सोडायचा तर मच्छिंद्रचं काही बरं-वाईट झालं तर, ही भीती. आणि पाळायचा तर हे असं. आरती होऊन गेल्यावरही त्या पायरीवर बसून राहिल्या. आपण देवाला काय देऊ केलं होतं, ते त्यांना आठवून पाहायचं होतं. आपण म्हटलं होतं, उपवास धरीन. पोट भरीन असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परवीननेच सुचवलं. "उपवास सोडू नका, फराळ बदलू. वरी चालते ना तुम्हाला उपवासाला?"

"चालते."

"एक वाटी वरी, एकदाच. काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट चमचाभरच. लाल भोपळ्याची भाजी. ताक हवं तेवढं. चालेल?"

"देवाला चालेल," मावशी म्हणाल्या. "तुझ्या काट्याला चालतंय का बघ."

सोमवारची खिचडी खाणावळीत होत राहिली. परात शकूने आपल्या ताब्यात घेतली. मावशी त्या दिवशी आईची वाटी काढत, एकदा भरत आणि धुऊन पालथी ठेवत. दुपारी चारनंतर त्या ग्लासभर ताक पिऊन निवडणं-टिपणं काढून बसत. एकदा मी विचारलं, भूक लागत नाही का. त्या म्हणाल्या, "लागते की. इतके दिवस उपवास म्हणून जे करत होते, त्यात ती लागलीच नव्हती."

वहीत आता उपवासाच्या दिवशीही पूर्ण नोंद होत होती. मार्चच्या अखेरीस काटा सत्तरवर होता. एप्रिलमध्ये तो तीन आठवडे हललाच नाही. त्या तीन आठवड्यांत भात वाढताना मावशींनी "शितं मोजून देऊ?" असं विचारलं नाही. डाव नेहमीसारखाच भरलेला यायचा, फक्त वाफ तोंडावर येऊ नये म्हणून त्या मान थोडी बाजूला धरायच्या. सकाळी मंडईत त्या लांबच्या वाटेने चालत जाऊ लागल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद पाहिले. एकोणसत्तर किलो आणि काही ग्रॅम. साखर उंबरठ्याच्या खाली. त्यांनी मान डोलावली आणि तारीख लिहिली.

शस्त्रक्रिया मेअखेर झाली. शुद्धीवर आल्यावर मावशींनी पहिल्यांदा विचारलं, "त्याला लघवी झाली का?" नर्सने झाली म्हणून सांगितलं. मावशींनी डोळे मिटले. त्या दिवशी सोमवार होता. सलाईनवर असल्यामुळे तो उपवास त्यांनी कडकडीत पाळला, असं त्या पुढे सांगायच्या.

नवस तिथेच फिटला. पण वाटी सुटली नाही. उरलेल्या एका किडनीवर ओझं येऊ द्यायचं नव्हतं. परवीनने दुसरी वही दिली. खाणावळीत पोळ्या अजून मोजून होत्या आणि भाताला माप नव्हतं. मावशी मात्र सगळ्यांची जेवणं झाली की ताट घेऊन टेबलाशी बसत.

त्या वर्षी नोव्हेंबरात मच्छिंद्रने निरोप पाठवला. नवा भात झोडून झाला होता. गावातली बहुतेक जमीन इमारतींखाली गेली होती. त्यांचंही एक खाचर विकलं गेलं होतं. ओढ्याकाठचं उरलेलं एक त्याने राखलं होतं. शकूला खाणावळ सोपवून मावशी बसने सूसला गेल्या. पिशवीत त्यांनी आपली वाटी घेतली होती. परक्या वाटीचा अंदाज येत नाही, असं त्या म्हणत.

मच्छिंद्रचा चेहरा भरला होता. आनंदीने दोन पाट मांडले. मच्छिंद्रच्या ताटात नव्या तांदळाचा भात वाढला. ओलसर, किंचित चिकट, त्याचा वास सगळ्या घरात पसरला होता. मावशींसाठी तिने आठवणीने वेगळ्या पातेल्यात वरी शिजवली होती.

मावशींनी आपली वाटी पुढे केली. "आज भात वाढ, आनंदी. एक वाटी."

आनंदीचा हात थांबला. मच्छिंद्र हसला. "आगं, तिला वरी दे. तिला भात आवडत न्हाई."

"आवडतो," मावशी म्हणाल्या.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

मच्छिंद्रने बहिणीकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या वाटीकडे, आणि चुलीच्या कडेला अजून तशाच असलेल्या छोट्या वैलाकडे, जिथे त्याच्या लहानपणी एक वेगळं पातेलं असायचं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. घास त्याच्या हातातच राहिला.

"मग आय म्हणायची ते?"

"आईकडे भात एकापुरताच असायचा रे."

"कधी बोलली न्हाईस तू."

"तू जेवत होतास."

बाहेर कुठल्यातरी इमारतीवर काम चाललं होतं, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत राहिला. मच्छिंद्र खाली मान घालून बसला होता. "जेव," मावशी म्हणाल्या. "निवतोय भात." थोड्या वेळाने त्याने घास तोंडात घातला.

आनंदीने मावशींची वाटी भरली, वर वरणाची धार धरली. मावशी सावकाश जेवल्या. वाटी संपली तेव्हा तिच्या कडेची अक्षरं ओली होऊन चकाकत होती. मच्छिंद्रने आनंदीला डोळ्यांनी खूण केली आणि आनंदीने भाताचा भरलेला डाव पुढे केला.

मावशींनी वाटीवर हात धरला.